लाळेचा नमुना

मला आयुष्यात घालता आलेली पहिली घडी पत्रकाची होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, पत्रकं लिहायचे, पुण्याहून छापून आणायचे, आणि वेल्ह्याच्या बाजारादिवशी आम्ही ती वाटायचो. दवाखान्यात औषधं का नसतात, धरणात गेलेल्या जमिनीला जमीन का मिळाली नाही, बाईचं ऑपरेशन तिला न विचारता का होतं. वर्गातल्या मुलींना कविता पाठ असायच्या, मला अण्णांची वाक्यं. 'तुमच्या शरीराची माहिती ही तुमची आहे, डॉक्टरांची नाही.' या एका वाक्यावर मी भोरला वक्तृत्वाचा पहिला नंबर काढला होता.

बी.एस्सी. झाल्यावर मला एका संशोधन प्रकल्पात काम मिळालं, तेव्हा अण्णा काय म्हणतील याची धास्ती होती. पुण्याहून डॉक्टरांची तुकडी येणार होती आणि गरोदर बायकांच्या अंगातल्या विषाणूंचा अभ्यास करणार होती. अण्णा चिडले नाहीत. "जा," म्हणाले, "आत राहून नजर ठेव." प्रकल्पाला मान्यता देणाऱ्या समितीवर ते स्वतःही गावांचे प्रतिनिधी म्हणून जात होते. आतही आपलं माणूस आणि वरही आपलंच, म्हणून मी निर्धास्त होते.

प्रकल्पाच्या प्रमुख मॅडम फार छान शिकवायच्या. सायटोमेगॅलोव्हायरस हे नाव ऐकून आम्ही सगळे हसलो होतो, तर त्या म्हणाल्या, "हसा, पण तो इथल्या बहुतेकांच्या अंगात आहे. तुमच्याही असेल." मोठ्या माणसाला तो सहसा त्रास देत नाही, कधी आला ते कळतही नाही. पण गरोदर बाईकडून तो पोटातल्या बाळाला लागू शकतो. लागलेली बहुतेक बाळं ठणठणीत राहतात. काहींचं मात्र नुकसान होतं, आणि त्यातलं सगळ्यात फसवं म्हणजे ऐकू येणं जातं. बाळ जन्मतः गुटगुटीत दिसतं, आणि कान हळूहळू जातात. म्हणून जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच बाळाच्या गालाच्या आतून लाळ घ्यायची. उशीर झाला, तर विषाणू पोटातच लागला की नंतर, हे सांगता येत नाही.

मी विचारलं होतं, "मॅडम, सापडला तर आईला सांगणार ना?"

"कुणालाही वाऱ्यावर सोडणार नाही आपण," त्या म्हणाल्या.

ते वाक्य मी पालीपासून भोंगवलीपर्यंत ओट्याओट्यावर सांगत फिरले.

या विषाणूचं सगळ्यात मोठं घर म्हणजे दोन-तीन वर्षांच्या पोरांची लाळ आणि लघवी. आणि आमच्याकडची आई पोराचं उष्टं खाल्ल्याशिवाय उठत नाही. पोर चार घास चिवडतं, उरलेला कालवलेला भात तिच्या पोटात जातो. पालीत मी हे समजावत होते, तर एक पोटुशी बाई म्हणाली, "मंग काय उकिरड्यावर टाकू? अन्न हाय ते."

"कुत्र्याला घाला."

"कुत्र्याला न्हाई का व्हनार त्यो रोग?"

"अगं, कुत्री बाळंत हाय तिची," शेजारीण म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या.

घरी वहिनीलाही तेच सांगितलं. तिला दुसऱ्या खेपेचे दिवस होते, पाचवा सरत आला होता. थोरला अंगणवाडीत जायचा आणि तिथून दर आठवड्याला काहीतरी घेऊन यायचा, सर्दी नाहीतर जुलाब. वहिनी त्याचीच ताटली पुसून खात होती. "वन्सं," ती म्हणाली, "आजवर त्याचं उष्टंच खात आले म्या. आता सांगताय व्हय?" तरी तिनं ते सोडलं. रक्तही दिलं. घरातली म्हणून पहिल्या फेरीतच दिलं, म्हणजे बाकीच्या बायका घाबरणार नाहीत.

पुढं वहिनीला मुलगी झाली. भाचीच्या लाळेचा नमुना मीच घेतला. अंगावर पाजल्यावर तासभर थांबायचं असतं, नाहीतर आईच्या दुधातला विषाणू येतो. वहिनी तोवर तिला खांद्यावर घेऊन बसली. कापसाचा बोळा लावलेली काडी गालाच्या आतून फिरवली, तर ती चोखायलाच लागली. काडी नळीत आणि नळी बर्फाच्या डब्यात. नळीवर नाव नसायचं, फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा, हे मॅडमकडं असायचं.

बारशाला मी आत्या म्हणून पाळण्यात वाकले, तिच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. मागून बायकांनी पाठीत धपाटे घातले. पोरगी झोपलीच होती. "आत्यावर गेलीया," कुणीतरी म्हणालं, "कुनाचं ऐकनार न्हाई ती." मीही हसले. पुढंही आईनं एकदोनदा उशाशी ताट वाजवलं होतं आणि पोरगी दचकली होती. ऐकतेय की, म्हणून आम्ही सोडून दिलं. ताट तिच्याच लाकडी पाळण्याच्या दांडीवर आपटलं होतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. पाळणा हलला, म्हणून पोर हललं.

हिवाळ्यात एकदा मॅडमबरोबर जीपमधून भोरला चालले होते. गप्पांत मी कौतुकानं म्हणाले, "आमची छोटी फार गुणाची आहे. दारात टेम्पोनं हॉर्न दिला तरी उठत नाही."

मॅडमनी मोबाईल खाली ठेवला. "कितवा महिना तिला?"

"आठवा लागला."

"तिचे कान तपासून घ्या. याच आठवड्यात पुण्याला न्या."

आधी मला काही कळलंच नाही. मग विचारलं, "मॅडम, तिच्या नमुन्यात सापडला होता?"

"ते सांगायची मला परवानगी नाही."

म्हणजे सापडला होता. पुण्याला पोचलेले नमुने पंधरवड्यात तपासून होत, हे मला माहीत होतं. त्यानंतर या बाई आमच्या ओसरीवर चहा पिऊन गेल्या होत्या. भाचीला मांडीवर घेऊन त्यांनी फोटो काढला होता.

"तुम्ही म्हणाला होतात, वाऱ्यावर सोडणार नाही."

"आता सांगितलंच ना, कान तपासून घ्या," त्या म्हणाल्या. मग काचेबाहेर बघत म्हणाल्या, "निकाल आयांना कळवायचे नाहीत हे समितीत ठरलं. खरं सांगू? आम्ही कळवायच्या बाजूनं होतो. तुझ्या वडिलांनी आम्हाला समजावलं."

मी भोरच्या अलीकडंच उतरले आणि मिळेल त्या गाडीनं घरी आले. वाटेत स्वतःला सांगत होते की बाई खोटं बोलतात, शहरातल्या लोकांना कुणावर तरी ढकलायचं असतं. अण्णा अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत होते.

"समितीत तुम्ही काय बोललात?"

त्यांनी कुठली समिती असं विचारलं नाही. "बस आधी," म्हणाले.

"उभीच बरी आहे."

"आपल्याकडं पोराला काही झालं की बोट कुणाकडं जातं? बाईकडं. तिच्याच अंगातनं आलं म्हणतील. नवरा माहेरी धाडील. इथं ना उपचार, ना कानाचं मशीन. नुसता डाग द्यायचा का तिच्या कपाळी? मी त्या बायकांना वाचवलं."

"त्यांना विचारलं?"

"एकेकीला विचारत बसलो असतो तर..."

"एकीला तरी विचारलं?"

अण्णा शेंग सोलत राहिले. आवाज ऐकून वहिनी पोरीला कडेवर घेऊन दारात आली. काय झालं ते मी तिला तिथंच सांगितलं, विषाणूचं, निकालाचं आणि समितीचं. दबक्या आवाजात सांगायचं असतं, एवढंही मला सुचलं नाही.

वहिनी लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांशी तोंडावर बोललेली नाही. आमच्याकडं ती रीतच आहे. चहा हवा का, हेही ती आईमार्फत नाहीतर माझ्यामार्फत विचारते. आत्ताही तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि दोन हातांवर बसलेल्या अण्णांकडं न बघता मला म्हणाली, "वन्सं, मामंजींना इचारा, ह्या घरात मला डाग लावनारं कोन व्हतं?"

मला विचारावं लागलं नाही. अण्णाही माझ्याकडंच बघून म्हणाले, "तिला सांग, मी आपल्या घराचं बोलत नव्हतो. बाकीच्या गावांचं बोलत होतो."

"मंग बाकीच्या बाया काय माळावर ऱ्हात्यात व्हय?" वहिनी म्हणाली. "आन् मला आधी कळलं आसतं तर म्या रडले आसते, पर पोरीला घिऊन गेले न्हवते का?"

अण्णांनी हातातली शेंग खाली ठेवली. ज्या माणसानं सचिवांना, तहसीलदारांना भर सभेत गप्प केलं, तो एका सुनेपुढं हरला होता. मला त्याचं बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माझ्या पायाखालचं काहीतरी गेलं होतं आणि ते मला माझ्याच बापानं घालून दिलं होतं. मॅडमचं समजू शकते. त्यांना नमुने हवे होते, त्या बाहेरच्या होत्या. पण ज्यानं मला 'विचारल्याशिवाय नाही' हे शिकवलं, त्यानंच आमच्या वतीनं, आम्हाला न विचारता, आमच्या भल्यासाठी आमच्यापासून लपवलं. सरकार आजवर जे जे करत आलं, ते याच शब्दांत. फक्त त्याच्याविरुद्ध आम्ही पत्रक काढत होतो.

पुण्याला भाऊ, वहिनी आणि मी गेलो. पोरीला गाढ झोपवून, कानाला तारा लावून तपासलं. एक कान जवळजवळ बंद, दुसरा अर्धा. तिथल्या डॉक्टर भल्या होत्या. म्हणाल्या, पहिल्या महिन्यात आणली असती तर औषधाचा विचार करता आला असता. उपयोग झालाच असता असं नाही, पण विचार करता आला असता. आता मशीन लावायचं आणि बोलणं शिकवायचं. त्यातही सात महिने गेले होते, पण अजून उशीर झालेला नव्हता. वहिनीनं मान हलवली. बाहेर आल्यावर भावाला म्हणाली, "मशीन कवा मिळंल ते इचारून या. आजच."

मी प्रकल्प सोडला. मॅडमना एवढंच कळवलं की ज्या ज्या बाळाची लाळ मी घेतली, त्या प्रत्येक घरी मी जाणार आहे. कुणाचा नंबर काय, ते मला माहीत नाही आणि नको आहे. सगळ्यांनाच सांगणार, कान तपासून घ्या. अण्णांनी बरोबर येतो म्हटलं. मी नको म्हणाले. त्यानंतर आमच्यात जेवायला बसा, गाडी आली, याच्यापलीकडं बोलणं झालेलं नाही.

पुष्कळ घरांत लोकांनी ऐकलं. एकदोघींनी जेवायचा आग्रह केला, एका म्हाताऱ्यानं हाकलून दिलं. भोंगवलीच्या जरा अलीकडं वस्तीवर एक बाई राहते. नमुना घेताना तिनंच मला सगळ्यात जास्त प्रश्न विचारले होते. आता तिचं पोर दारात बसून चप्पल चावत होतं. मी सगळं सांगितलं. ती उभ्या उभ्या ऐकत होती.

"तुमाला म्हाईत व्हतं?"

"नाही."

"तुमचं वडीलच व्हतं म्हनं तितं."

इथपर्यंत बातमी पोचली होती. "होते," मी म्हणाले.

"आन् तुमाला म्हाईत न्हाई?"

"नाही, ताई. खरंच नव्हतं."

तिनं पोराच्या तोंडातनं चप्पल काढली आणि त्याला कडेवर घेतलं. मी म्हणाले, हवं तर मी पुण्याला बरोबर येते, तिथल्या दवाखान्यात ओळख झाली आहे.

"नगं," ती म्हणाली. "कुठं जायाचं त्येवढं सांगा. आमचं आमी जाऊ."

मी सांगितलं. तिनं ते दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं, पाठ झाल्याची खात्री केली आणि आत गेली.