चाळीस गाई हंबरत असताना

माझं पहिलं मूल पाचव्या दिवशी गेलं आणि त्यानंतर मी देवाशी बोलणं टाकलं. रागानं नव्हे. राग असता तर निदान भांडले तरी असते. मला माझीच भीती वाटत होती. आमच्या घरी बाळंतिणीचा चीक, म्हणजे पहिले दोन-तीन दिवस येणारं घट्ट पिवळं दूध, बाळाला पाजत नसत. पचायला जड, बाळाला बाधतं, म्हणून ते पिळून टाकायचं आणि बाळाला कापसाच्या बोळ्यानं साखरपाणी द्यायचं. मी मात्र दुपारी सगळे जेवायला बसलेले असताना रडणाऱ्या मुलाला चोरून पाजलं होतं. तो गेल्यावर घरातलं कुणीतरी सहज म्हणालं, "चीक बाधल्यासारखंच झालं हो." मी पाजलं होतं हे त्यांना ठाऊकही नव्हतं. मी ते कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. देवाला सांगायची तर हिंमतच नव्हती.

पुढे नवऱ्याला विस्कॉन्सिनमधल्या एका विद्यापीठात चाऱ्याच्या पिकांवर संशोधन करायचं काम मिळालं आणि आम्ही अमेरिकेत आलो. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. त्याची प्रयोगाची शेतं शहरापासून लांब होती, म्हणून आम्ही तिथल्याच एका शेतकऱ्याच्या घराचा वरचा मजला घेतला. शेतकरी जर्मन. महायुद्ध संपल्यावर एक पेटी घेऊन या देशात आलेला, दुसऱ्याच्या गोठ्यात शेण काढून सुरुवात केलेला, आणि आता स्वतःच्या चाळीस गाईंचा धनी. आम्ही त्यांना ऑटोकाका म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला हेल्गाकाकू. अर्थ समजावल्यावर दोघांनीही ते मुकाट्यानं स्वीकारलं. काका मुळातच मुकाट. दोन मुली लग्न होऊन गेल्या होत्या, आणि काकू सांगायच्या की धाकटीच्या लग्नात पाहुणे पानावर बसले तरी नवरीचा बाप गोठ्यातच होता. पहाटे पाच आणि संध्याकाळी पाच, धार म्हणजे धार. जेवणाआधी टेबलापाशी मान खाली घालून ते क्षणभर उभे राहत, पण बाकी त्यांचा देवधर्म काय होता तो गोठ्यातच होता असं मला वाटायचं.

एकदा त्यांची गाय व्याली तेव्हा मी मोठ्या उत्साहानं पातेलं घेऊन गेले. खरवस करावा, त्यांनाही खाऊ घालावा. काकांनी पातेल्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आधी वासरू. मग उरलं तर तू." आमच्याकडे चिकाचा पहिला मान देवाचा असतो, त्यामुळे मला तो अपमानच वाटला. गाईचा चीक आम्ही देवाला दाखवून मिटक्या मारत खातो आणि बाईचा चीक मात्र मोरीत ओततो, यात काही विसंगत आहे असं तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. दोन दिवस मी काकांशी तुटक वागले. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही देव जाणे.

दुसऱ्या हिवाळ्यात मला दिवस गेलेले होते. नवरा एका बैठकीसाठी परगावी गेला आणि बर्फाचं वादळ आलं. दारापुढची वाट, मग कुंपण, मग रस्ता, एकेक करून सगळं नाहीसं झालं. तीन आठवडे बाकी असताना माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. काकूंनी दवाखान्यात फोन केला. रस्ता मोकळा व्हायला उद्या दुपार उजाडेल, असं उत्तर आलं. मग काकूंनीच बाह्या वर केल्या. दुपारी दोनच्या सुमाराला माझी मुलगी जन्माला आली. इवलीशी. एकदाच रडली आणि झोपली.

ती उठेचना. अंग गार पडत चाललं होतं. काकू म्हणाल्या, "छातीशी घे, पाज." मी मान हलवली. चीक फडक्यात पिळून टाकला आणि बोळ्यानं साखरपाणी तिच्या ओठांना लावत राहिले. ते ओघळून मानेवर जात होतं. काकूंनी समजावलं, मग विनवलं, मग त्या चक्क ओरडल्या, "काय चाललंय तुझं? ती चाललीय!" मला ते दिसत होतं. पण एकाला मी माझ्या दुधानं मारलंय, हिला नाही मारणार, एवढं एकच वाक्य डोक्यात घणाचे घाव घालत होतं. काकू तणतणत खाली गेल्या.

तेवढ्यात वीज गेली आणि दूध काढायची यंत्रं बंद पडली. पाच वाजत आले होते. चाळीस गाई, आणि हातानं धार काढायला एकटे काका. कासा भरून आल्यावर गाई कशा हंबरतात ते ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल. त्या आवाजानं घर हादरत होतं. मला प्रार्थना सुचेना. कुठल्या तोंडानं करणार? मी मुलीला धरून नुसती बसले होते.

आणि जिन्यावर बुटांचा आवाज आला. दोन वर्षांत काका एकदाही वर आले नव्हते. ते दारात उभे राहिले, टोपी काढली आणि माझ्याकडे न पाहता भिंतीकडे बघत म्हणाले, "माझ्या गोठ्यात पहिलं दूध कुणी सांडत नाही."

का कोण जाणे, इतकी वर्षं कुणालाच न सांगितलेलं मी त्यांना सांगून टाकलं. त्यांच्या तोडक्या इंग्रजीला माझं तोडकं इंग्रजी. "माझा मुलगा माझ्या दुधानं गेला, काका."

त्यांनी पहिल्यांदाच मुलीकडे पाहिलं. खाली गाईंचा आकांत चालू होता. मग म्हणाले, "तीस वर्षं वासरं बघतोय. पहिलं दूध न मिळाल्यानं मेलेली पाहिली. पिऊन मेलेलं एकही नाही. तुझा मुलगा दुधानं नाही गेला, पोरी." एवढं बोलून ते खाली गेले.

मी ओक्साबोक्शी रडले. काकांच्या मागोमाग वर आलेल्या काकूंनी पोरीला माझ्या छातीशी धरलं. ती तोंड उघडेना, तेव्हा त्यांनी वासराला शिकवतात तसं बोट तिच्या तोंडात घालून टाळूला लावलं आणि चिकाचे थेंब जिभेवर पिळले. एक थेंब गिळला. मग दुसरा. कितीतरी वेळानं तिनं ओढ घेतली, आणि ती ओढ मला टाचांपर्यंत जाणवली. दुसऱ्या दिवशी रस्ता उघडल्यावर दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तपासलं आणि म्हणाले, ठणठणीत आहे.

बर्फ वितळल्यावर मला काकूंकडून कळलं. त्या संध्याकाळी काका वर आले म्हणून धारेला आणखी उशीर झाला, त्यात काकांच्या सगळ्यांत लाडक्या गाईची, लीझलची, कास सुजली आणि तिचा एक सड कायमचा आटला. वर चढायच्या आधी तिच्याच पाठीवर हात ठेवून ते थोडा वेळ उभे होते म्हणे. काका याबद्दल कधी चकार शब्द बोलले नव्हते.

तो माणूस वर का आला हे मी पुष्कळ वर्षं शोधत होते. काकूंनी सांगितलं म्हणून आला, हे तर उघड आहे. पण ज्यानं मुलीच्या लग्नात धार सोडली नाही, त्यानं त्या दिवशी चाळीस गाई सोडल्या, त्याचं काय? मी आता शोधत नाही. शरण जाणं म्हणजे हात जोडणं असं मी समजत होते. माझे तर त्या दिवशी जोडलेलेही नव्हते. माझ्यापाशी फक्त एक खात्री होती, मीच मारलं ही, आणि ती मी घट्ट धरून बसले होते. ती कुणीतरी हळूच काढून घेतली. घेणाऱ्याच्या हाताला शेणाचा वास होता.

काकूंनी लीझलचं सांगितलं त्याच संध्याकाळी मी मुलीला घेऊन गोठ्यात गेले. काका लीझलजवळ उभे होते. मी सरळ वाकून त्यांच्या बुटांना हात लावला. त्यांना वाटलं माझं काहीतरी खाली पडलंय. तेही बिचारे गुडघे टेकून खाली वाकले आणि माझ्याबरोबर गवतात शोधू लागले.