घोडी जगली का?

ठकूमावशी गेल्याचं त्यांच्या मुलाने, सोनबाने, आमच्या पायरीवर उभं राहूनच सांगितलं. आत ये म्हटलं तरी आला नाही. त्याला आता सहा आठवडे झाले...

ठकूमावशी वेल्ह्याकडच्या डोंगरात वाडीवर म्हशी-शेळ्या राखायच्या आणि महिन्याकाठी भोरला आमच्याकडे तूप घेऊन यायच्या. पुण्याच्या इंग्रजी शाळेतून मी सुटीला घरी आले की त्यांच्याशीच काय ती मोकळी बोलायची. मागच्या सुटीत आमच्या ओट्यावरच त्यांना भोवळ आली, म्हणून वडिलांनी मला त्यांच्याबरोबर दवाखान्यात पाठवलं. डॉक्टर दंडाला पट्टा गुंडाळून हवा भरू लागले, तशा त्या म्हणाल्या, "बांगड्या भरतुयास व्हय रं, डाक्टर? पार दंडापतोर?" काचेच्या नळीत पारा चढत गेला. डॉक्टर मला इंग्रजीत म्हणाले, ब्लडप्रेशर फार आहे, यांना नीट समजावून सांग.

परतताना मी समजावलं. रक्त वाहताना नसांना आतून रेटतं, त्या रेट्याचं हे नाव. तो मोजायची सुरुवात कशी झाली तेही सांगितलं, कारण शाळेच्या पुस्तकातली ती गोष्ट मला आवडायची. विलायतेत एका पाद्र्याने जिवंत घोडीच्या नसेला काचेची उंच नळी जोडली, आणि रक्त नळीत माणसाच्या डोक्याहून वर चढलं.

ठकूमावशी थांबल्या. "आन घोडी? जगली का?"

नव्हती जगली. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी म्हटलं, "जगली."

"मंग झालं तर. आमी गुरांचं रगात काडतोच की."

मी नुसती हसले.

वाडीवर गुरांची शीर सोडणाऱ्या, म्हणजे नस कापून रक्त काढणाऱ्या, माणसाकडून त्यांनी स्वतःची शीर सोडवून घेतली. बरं वाटलं, म्हणून आठवड्याने पुन्हा, पहिल्यापेक्षा जास्त. सोनबा नको म्हणाला, तर त्यालाच दटावलं, "ताईची घोडी जगली, म्या काय मरतीया?"

हे सगळं त्याने पायरीवरच सांगितलं. मग विचारलं, "ताई, किती काडायचं, त्ये पुस्तकात व्हतं का?" आवाजात राग नव्हता.

होतं. किती रक्त गेल्यावर घोडी संपली, ते मापासकट होतं.

"नव्हतं," मी म्हटलं.

तेव्हापासून पेल्यात, कंदिलाच्या काचेत, मला काहीतरी हळूहळू वर चढताना दिसतं... मी नजर वळवते. सोनबाला वाचता येत नाही. मी लिहिलेलं हे छापून आलं, की वाडीवर जाऊन मलाच त्याला वाचून दाखवावं लागेल.