तीन हातांचं माप

धाकलू सुताराला ताप यायचा तो दुसऱ्याच्या कौतुकाने. खोटं नाही सांगत. शेणवे गावात, म्हणजे त्याच्याच गावात, कुणी नुसतं म्हणालं, "वाशिंदच्या राघोने दार काय झकास केलंय!" की त्या दिवशी धाकलूचं जेवण गेलंच म्हणून समजा. दुसऱ्या दिवशी पायपीट करत वाशिंद गाठायचा, दाराच्या सांध्यात नख घालून बघायचा, आणि घरी येऊन बायकोला, कमळला, सांगायचा, "नख जातंय गो आत. आख्खं नख!" मग कुठे दोन घास घशाखाली उतरायचे.

कसब मात्र होतं हो अंगात, ते नाकारून चालायचं नाही. गाडीचं चाक असो, पाळणा असो, देवळाचा दरवाजा असो, शहापूरपासून मुरबाडपर्यंत लोक त्याच्याकडेच यायचे. सुतार तालुक्यात पुष्कळ होते. पण "मिस्त्री" म्हणून हाक मारली की ती एकाच माणसाला, धाकलूला. त्या शब्दावर त्याचा भारी जीव. कुणी चुकून "धाकलू" म्हटलं तर तो ऐकू न आल्यासारखं करायचा.

एकोणीसशे छत्तीस सालच्या दिवाळीनंतर मुंबईहून एक सोराबशेठ आला. पारशी माणूस. जत्रांमधून पाळणे, घोड्यांचं चक्र असले खेळ फिरवायचा. त्याने मुंबईत गोऱ्यांचा एक नवाच खेळ पाहिला होता. लहानसा लांबट पट्टा, त्याला कडेने काठ, मध्ये कुठे उंचवटा, कुठे कमान, आणि शेवटी एक भोक. काठीने चेंडू हळूच ढकलायचा आणि भोकात घालायचा. शेठ त्याला छोटा गोल्फ म्हणायचा. आपल्या लोकांनी दोन दिवसांत त्याचा गोलप करून टाकला.

"नऊ पट्टे पायजे," शेठ म्हणाला. "पौषात म्हशाच्या जत्रेत मांडायचे, मग पुढच्या जत्रेला उचलायचे. नऊच्या नऊ एका बैलगाडीत बसले पायजे, आणि एक पट्टा एका माणसाला उचलला पायजे. जमेल, मिस्तरी?"

"न जमायला काय झालं?" धाकलू म्हणाला.

पंधरा दिवस त्याने दुसऱ्या कामाला हात लावला नाही. पहिला पट्टा केला तो अस्सल सागाचा. रंधा असा मारला की त्यात तोंड दिसावं. उंचवटा एका अखंड लाकडातून कोरलेला, कमानीवर वेलबुट्टी. शेठ आला, बघून खूश झाला, चेंडू सोडला तर तो सरळ भोकात. आणि मग शेठने तो उचलायला सांगितलं. दोन गडी लागले, आणि त्यातल्या एकाची कंबर धरली.

"अरे, हा पट्टा हाय का देवळाचा उंबरा?" शेठ ओरडला. "असे नऊ गाडीत घातले तर बैल बसेल गाडीत, आणि गाडी मला ओढायला लागेल!"

नेमकी त्याच वेळी ठमी रस्त्याने चालली होती. ठमी म्हणजे गावाबाहेरच्या वाडीवरची. जमिनीचा तुकडा नाही, भाताच्या आवणीच्या, रोपं लावायच्या दिवसांत मजुरी करायची आणि एरवी बांबू फोडून तट्टे विणायची. तट्टा म्हणजे बांबूच्या पट्ट्यांची जाड चटई, झोपडीच्या कुडाला लावतात ती. बाई बुटकी, पण डोक्यावर सहा तट्टे घेऊन शहापूरच्या बाजाराला निघालेली, आणि तेही शेणमातीने सारवून सुकवलेले. बाजारात तयार भिंतच विकायची ती. घरी न्या, बांधा, झालं घर.

शेठने तिला थांबवलं. एक तट्टा जमिनीवर टाकला, त्यावर चेंडू सोडला. चेंडू सारवणावरून सुळकन गेला.

"बघ रे!" शेठ मांडीवर थाप मारून म्हणाला. "सहा डोक्यावर घेऊन ही चालते, आणि तुझा एक दोघांना उचलत नाय. वरचा भाग ही करेल, तू फक्त हलकी चौकट कर. ही पण मिस्तरीच हाय की!"

झालं! एवढं एकच वाक्य. धाकलूच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. शेण थापणारी बाई, आणि मिस्त्री? त्याच्या वेलबुट्टीकडे शेठने परत पाहिलंही नाही. त्या दिवशी कमळने ताटात काय वाढलं ते त्याला सांगता आलं नसतं.

शेठ जाताना माप सांगून गेला. लांबी साडेचार फूट, रुंदी दीड फूट. ठमीला फूट कळत नव्हते, तेव्हा मिस्त्रीने तिला समजावून सांगायचं, असं ठरलं. दीड फूट म्हणजे एक हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. धाकलूच्या हाताला पट्टी लावली तर तो बरोबर दीड फूट भरायचा, याचाही त्याला अभिमान होता.

ठमी अंगणात येऊन उभी राहिली. "मिस्त्री, माप सांगा."

"तीन हात लांब, एक हात रुंद."

"कुणाचा हात?"

धाकलूने तिच्या हाताकडे पाहिलं. आखूड, काटक हात. आपल्यापेक्षा दोन बोटं तरी कमी. तीन हातांमागे सहा बोटं. तट्टा चौकटीत बसणारच नाही. मेल्याने सरळ सांगायला हवं होतं, पण नाही.

"हात म्हणजे हात," तो म्हणाला. "कुणाचा काय विचारतेस? तुला विणायचंय, तुझाच घे."

ती बरं म्हणून गेली. आणि पुढचे तीन आठवडे धाकलू इतका खुशीत होता की कमळला संशय आला, याने कुठे नवस तर फेडला नाही ना. चौकटी त्याने आपल्या हाताने, पुरत्या साडेचार फुटांच्या केल्या. शिवाय सागाच्या पातळ फळ्या तासून ठेवल्या. तट्टे चौकटीतून खाली पडले, शेठ कपाळाला हात लावून बसला, की आपण पुढे व्हायचं आणि म्हणायचं, "घाबरू नका शेठ, मिस्त्री हाय ना!" हे वाक्य त्याने रंधा मारता मारता कितीदा तरी म्हणून पाहिलं.

म्हशाला जत्रा भरली. बैलांचा बाजार, घोंगड्यांचे ढीग, धूळ, पिपाण्या. भात कापून मोकळ्या झालेल्या एका खाचरात शेठने जागा घेतली होती. सकाळीच चौकटी मांडल्या, आणि ठमीने पहिला तट्टा त्यात ठेवला.

तो आरपार खाली गेला. दुसराही गेला. शेठचा चेहरा लालबुंद.

"माप कोणी चुकवलं?"

धाकलू चौकटीवर हात टेकून उभा राहिला. ठमीने एकदा चौकटीकडे पाहिलं, एकदा तिच्यावर टेकलेल्या धाकलूच्या लांब हाताकडे पाहिलं, आणि म्हणाली, "माझा हात आखूड, शेठ. माझंच चुकलं."

"घाबरू नका शेठ," धाकलू पुढे सरसावला, "मिस्त्री..."

पण ठमी त्याच्याही आधी खाली बसली होती. तिने कोयता मागितला. सोबत आणलेला बांबू उभा फोडला, त्याच्या पट्ट्या तट्ट्याच्या चारी कडांना उभ्या लावल्या, वाखाच्या दोरीने आवळून बांधल्या. झाला काठ! चौकट नको की खिळा नको. खालून दोन बांबूच्या काड्या घातल्या की मध्ये उंचवटाही आपोआप उठला. बायका कडेवर मूल घेऊन भोवती उभ्या राहिल्या, बैलवाले बैल सोडून बघायला आले. दुपारच्या आत नऊही पट्टे तयार, आणि एकेका काखेत दोन-दोन धरून तिने ते खाचरात मांडले.

धाकलूने घाईघाईने आपल्या फळ्या चौकटीत घालून एक पट्टा मांडला. खाचरातली जमीन उंचसखल. साडेचार फुटी चौकट एका कोपऱ्यावर डुगडुगायला लागली, चेंडू उलटाच परत आला. लोक हसले. ठमीचे आखूड पट्टे मात्र जमिनीला घट्ट बसले होते.

"वाह!" शेठ नाचायचाच बाकी होता. "आखूड पायजे होता! मला कळलाच नाय. हेच माप आता कायम. ठमी मिस्तरी, हे माप तुला कोणी सुचवलं?"

आता काय सांगू तुम्हाला! ज्या मापाने ठमीचं नाक कापायचं, त्याच मापाची वाहवा! धाकलूला ते सहन होईना. आपलं कौतुक डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या पदरात पडतंय, एवढंच त्याला दिसलं, आणि तो भर गर्दीत ओरडला, "ते माप मी दिलं! तुझाच हात घे म्हणून मीच सांगितलं तिला! विचारा!"

"हो शेठ," ठमी शांतपणे म्हणाली. "मिस्त्रीनीच सांगितलं."

शेठने धाकलूकडे पाहिलं. मग त्या नऊ मोठ्या चौकटींकडे पाहिलं. मग पुन्हा धाकलूकडे.

"मग तुझ्या चौकटी मोठ्या का?"

धाकलू चौकटी गोळा करायला लागला. बैलवाल्यांतला एकजण खो खो हसला आणि मग सगळ्यांनाच त्याचा डाव कळला. चौकटी गाडीत टाकून धाकलू म्हशाहून शेणव्यापर्यंत बैलांशीसुद्धा बोलला नाही.

त्यानंतर तीन वर्षं शेठने तो गोलप जत्रांमधून फिरवला. नवे पट्टे लागले की ठमीकडे निरोप यायचा. पुढे लढाई सुरू झाली, जत्रा रोडावल्या, शेठही यायचा थांबला. पण माप राहिलं. शहापूरच्या बाजारात तट्टे विणणाऱ्या बायका आता "तीन ठमीहात", "चार ठमीहात" असं बोलायला लागल्या. आखूड तट्टा डोक्यावर न्यायला सोपा, लोकांना तोच आवडायचा. धाकलूच्या कानावर तो शब्द पडला की त्याला दाढ दुखल्यासारखं व्हायचं. तो बाजाराच्या त्या टोकाला जाणंच टाळायचा. कमळ चिडवायची, "तिनं काय केलंय तुमचं?" तो म्हणायचा, "काय नाय." आणि तेच खरं होतं, तिने काहीच केलं नव्हतं. त्याचीच तर आग होती.

त्रेचाळीस साली कल्याणला पलटणीची छावणी पडली. शेड्समध्ये आडोसे करायला हलके पडदे हवेत म्हणून ठेकेदाराचा कारकून शहापुरात आला. तट्टे बाजारातून घ्यायचे, चौकटी धाकलूने करायच्या. दोनशे चौकटी! धाकलूची मान ताठ झाली. त्याने पट्टी काढली. "बोला, किती फूट?"

"फुटात नाही," कारकून म्हणाला. "बायका म्हणतात, तीन ठमीहात बाय दोन. चौकट तंतोतंत हवी. एकही तट्टा निसटला तर सगळं परत."

धाकलूने बाजारात जाऊन तीन तट्टे मोजले, तीनही वेगळे भरले. जी ती बाई आपापल्या अंदाजाने ठमीहात धरत होती. खरं माप एकाच ठिकाणी मिळणार होतं.

दोन दिवस तो घरात येरझाऱ्या घालत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी वाडीवर गेला. ठमी अंगणात बांबू तासत होती. केस पांढरे झाले होते. त्याने काय हवंय ते सांगितलं, तेही जमिनीकडे बघत. तिने कोयता बाजूला ठेवला आणि हात लांब केला.

धाकलूने बांबूची काडी तिच्या कोपराला टेकवली.

"नीट घ्या, मिस्त्री," ती म्हणाली. "तवा तुमच्याकडनं तीन हातांत सहा बोटं सुटली होती."

त्याने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणाही नव्हता.

"तुला पहिला तट्टा पडला तवाच कळलं होतं? मग शेठपुढं बोलली का नाय?"

"बोलले असते तर शेठ तुमाला हाकलता. सुताराची अब्रू गेली तर सुताराकडं कोन जाईल? माझा काय, माझा हात आखूडच हाय."

ती शिव्या देती तर किती बरं झालं असतं! धाकलूला वाटलं, आपण सात वर्षं जळलो, आणि हिने एवढं मोठं मन कुठून आणलं, ते आपल्याकडे का नाही? त्याचाही हेवाच वाटला त्याला. पण या वेळी हेव्याबरोबर डोळेही भरून आले. त्याने काडी तिच्या मधल्या बोटाच्या टोकाशी अचूक कापली आणि उठला.

घरी कमळने विचारलं, "ही काडी कसली हो?"

"मिस्त्रीचा हात हाय."

"म्हणजे तुमचाच की!"

"नाय," धाकलू म्हणाला, आणि करवत शोधायला लागला.