प्रमुख पाहुण्यांसाठी पुन्हा एकदा

धावण्याच्या शर्यती भरवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग होईल, असं कुणी मला तिशीत सांगितलं असतं तर मी हसलोसुद्धा नसतो; हसण्यानेही मला धाप लागायची. मी मोहोपाड्याच्या एका रसायन कारखान्यात स्टोअरकीपर होतो. तिथल्या क्रीडा समितीवर माझी नेमणूक झाली, ती मी बैठकीला गैरहजर होतो म्हणून.

समितीने कर्जत ते खोपोलीचा शिळफाटा अशी रस्त्यावरची शर्यत ठरवली, सर्वांना खुली. चहा आणि टेंपो कारखान्याचा. बक्षिसासाठी बाहेरून कुणीतरी गाठायचा होता. प्रायोजक हा शब्द तेव्हा आमच्याकडे पोचला नव्हता. आम्ही 'दाते' म्हणायचो, आणि मला सापडलेले दाते खोपोलीतले दंतमंजनवाले निघाले. चषक त्यांनी लगेच कबूल केला. मात्र शर्यत त्यांच्या शिळफाट्यावरच्या दुकानासमोर संपायला हवी होती, आणि फीत त्यांच्या ओळखीच्या पुढाऱ्यांसमोर तुटायला हवी होती.

त्या सकाळी धावणारे कर्जतहून वेळेवर सुटले. वेळेवर झालेली ती एकच गोष्ट. मी टेंपोने पुढे शिळफाट्यावर पोचलो, तर पुढारी अजून विश्रामगृहात नाश्ता करताहेत असा निरोप. फीत दात्यांच्या खिशात.

"पाहुण्यांशिवाय बांधायची नाही," ते म्हणाले.

एवढ्यात कर्जतजवळच्या कोंडाण्याकडचा एक तरुण शेतकरी धावत आला, दुकानासमोर थांबला आणि इकडेतिकडे बघू लागला.

"हितंच संपली का?"

"संपली," मी म्हणालो. "पण अजून नाही."

त्याच्या बऱ्याच मागून आमच्याच कारखान्यातला फिटर आला. मग बाकीचे येत राहिले. दात्यांनी मला बाजूला घेतलं. "सगळ्यांना जरा मागे पाठवा. पाहुणे आले की पुन्हा येऊ देत. आहेत त्याच नंबराने."

मी तरुणाला हे समजावलं.

"मी पयला आलो ना, सायब?"

"आलास."

"मग परत पयला कशाला येऊ?"

मी त्याच्यापुढे बटाटेवडे ठेवले. ते खाऊन तो मागे गेला.

पुढारी आले, फीत बांधली, मी शिट्टी वाजवली. ठरल्याप्रमाणे तरुण पुढे, फिटर त्याच्या मागे. पण वळणावर गर्दी दिसली, टाळ्या सुरू झाल्या आणि फिटरच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. वड्यांनी जड झालेल्या तरुणाला मागे टाकून त्याने फीत छातीवर घेतली. फोटो निघाला. पुढाऱ्यांनी चषक फिटरच्या हातात दिला आणि भाषण सुरू केलं. तरुणाने माझ्याकडे पाहिलं, मी दात्यांकडे, दात्यांनी पुढाऱ्यांकडे. पुढारी बोलत होते.

शेवटी फिटरच गर्दीतून वाट काढत तरुणापाशी गेला.

"घे रं," तो म्हणाला. "खरा पयला तू आलास. टाळ्या ऐकल्या आन् मला थांबताच नाय आलं."

तरुण चषक घेऊन हसला, आणि दाते बघतच राहिले. असे दात त्यांच्या डब्यावरच्या चित्रातसुद्धा नव्हते.

"काय लावतोस रे दातांना?"

"राखुंडी. चुलीतली."

"हे कुणाला सांगू नकोस," असं म्हणत त्यांनी छायाचित्रकाराला हाक मारली. तिकडे पुढाऱ्यांनी फिटरची खिलाडूवृत्ती आपल्याच प्रेरणेतून उगवल्याचं भाषणात घालून टाकलं.

पुढच्या वर्षी खालापूरच्या एका मंडळाने मला बोलावलं, मग आणखी कुणीकुणी. पाहुणे कितीही उशिरा आले तरी माझ्याकडे शर्यत संपलेली नसते, अशी माझी ख्याती झाली होती. ती टिकवायला मी दोन फिती बाळगू लागलो. साधी धावणाऱ्यांना तोडायला, रेशमी पाहुण्यांना कात्रीने कापायला. रेशमीबद्दल कधी तक्रार आली नाही. कामं वाढली तशी मी नोकरी सोडली.

घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "पोरं धावणार, पाहुणे कापणार. मग तुम्ही काय करणार?"

"वाट बघणार," मी म्हणालो.

आणि पुढची कित्येक वर्षं मी ती बघितली. कधी विश्रामगृहाच्या पायरीवर, कधी एखाद्या दात्याच्या पेढीवर, हातात शिट्टी घेऊन.