टाकी, फाटक आणि उत्तरेचा बाण

बाबांना जाऊन चार महिने झाले. त्यांच्या कपाटात मासिकाचे सगळे अंक सालवार लावलेले आहेत. पुण्याहून निघणारं घरसजावटीचं मासिक. वर्गणी आईची, ती गेल्यावरही बाबांनी अंक सांभाळले. लोकांना वाटायचं, त्यांना हौस आहे.

सुरुवातीचे अंक पातळ, एकरंगी. पडद्यांची कापडं, वेताच्या खुर्च्या, आणि शेवटच्या पानावर वाचकांची घरं. आपल्या घराचा नकाशा पाठवायचा, संपादकबाई जागा कशी वापरायची ते सांगायच्या. जबलपूरला तोफांच्या सरकारी फॅक्टरीच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये माझं अभ्यासाचं टेबल मावत नव्हतं, म्हणून आईने बाबांकडून नकाशा काढून घेतला. बाबा फॅक्टरीत ड्राफ्ट्समन. हाताच्या सवयीने त्यांनी खोल्यांच्या मापांबरोबर कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढला, आणि बाहेरची पाण्याची टाकी नि फॅक्टरीचं फाटक, अंतरासकट. आईने ओमतीच्या पोस्टात जाऊन पाकीट टाकलं.

आठवड्याभरात पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं. खिडक्यांना काळे कागद लागले. आवारातली कोणतीही माहिती बाहेर कळवू नये, पत्रातूनही नाही, अशी नोटीस फॅक्टरीत लागली. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

"टाकी काहून काढली मी? टेबलाला टाकी कशाला लागते?"

"चहाची टपरी तेवढी राहिली, अहो," आई म्हणाली. मग त्यांचा चेहरा पाहून तिने ताट झाकून ठेवलं.

"छापून आलं तर नोकरी जाईल. क्वार्टरही. माझं अक्षर ऑफिसात कोणीही ओळखते."

"नका छापू म्हणून लिहून टाकते नं मी."

"आणि ते पत्र कोणी उघडलं तर?"

शाळेतून आले की मी फाटकाशी उभी राहायची. पोस्टमन हसायचा. "बिटिया, किताब नहीं आई. इतना क्या छपने वाला है उसमें?" मी घरी पळायची. कोणाला काही सांगायचं नाही, असं घरात बजावलेलं होतं.

युद्ध दोन आठवड्यांत संपलं. अंक त्यानंतर आला. त्यात आमचं घर नव्हतं. पाठोपाठ पाकिटातून नकाशाच परत आला. एक कड कात्रीने सरळ कापलेली. टाकी, फाटक, बाण, काही नव्हतं. सोबत बाईंच्या दोन ओळी: टेबल खिडकीखाली ठेवा, कपाट दारामागे सरकवा. कडेचा भाग आम्हाला नको होता म्हणून कापला, असंही लिहिलं होतं.

"चला, सुटलो," आई म्हणाली.

"मग तो तुकडा आहे कुठे?"

हे बाईंना पत्र लिहून विचारायचं धाडस बाबांना कधी झालं नाही. पुढे प्रत्येक अंक ते आधी उघडायचे, शेवटच्या पानापासून. मासिक जाड झालं, रंगीत झालं, मग बंद पडलं. तोवर बाबा निवृत्त होऊन आम्ही क्वार्टर सोडून गावातच मदन महल भागात राहायला आलो होतो. कार्यालयातले जुने कागद काढून टाकत आहोत, असं शेवटच्या अंकात होतं. ती ओळ त्यांनी मला दोनदा वाचायला लावली.

दवाखान्यात एका दुपारी त्यांनी डोळे उघडले. "तुकडा आला?"

"आला, बाबा. मी जाळला."

"पूर्ण?"

"पूर्ण."

त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

गेले काही दिवस मी ते अंक काढून बसते. शेवटच्या पानापासून पाहते, तो तुकडा कुठे छापलाय का. अजून बरेच राहिलेत.