उतरताना मोडतंय

जगातल्या प्रत्येक दुखण्याचं मूळ हाडात असतं, आणि ते हाड आपण एकदा दाबून पाहिलं की प्रश्न मिटला, असं माझ्या चुलत सासऱ्यांचं ठाम मत होतं. आम्ही सुना त्यांना मामा म्हणायचो. आमच्या चकलांबा गावात ते लोकांची मोडलेली, निखळलेली हाडं बसवून द्यायचे. सोयरिकीच्या बैठकीत मुलाचं शिक्षण विचारायच्या आधी ते त्याचं मनगट दाबत. एका होऊ घातलेल्या नवरदेवाला तर "आधी ह्याचं कोपर बसवतो, सोयरीक मंग बघू" म्हणत त्यांनी ओट्यावर आडवाच केला होता. दरसाल दिवाळीनंतर सगळं गाव ऊस तोडायला गेलं की मामांना दाबायला हाडच उरायचं नाही. मग ते शेळ्यांचे गुडघे तपासत फिरायचे.

एका दुष्काळी साली आम्ही बायकांनी सहकारी संस्था काढली. मोकळ्या चरणाऱ्या कोंबड्या, औषध नाही, इंजेक्शन नाही, सेंद्रिय अंडी. संस्था चालली तरच मी त्या साली घरी राहणार होते, नाहीतर हातात कोयता ठरलेला. आणि नेमक्या कोंबड्या एका जागी आखडून बसायला लागल्या. अंडी घटली. अंडी नेणारा व्यापारी म्हणाला, महिनाभरात सुधारलं नाही तर गाडी बंद. मामा न बोलावताच आले आणि डोळे मिटून एकेकीच्या छातीवर अंगठा फिरवू लागले. "मोडलंय. हिचंबी मोडलंय." कोंबड्यांना बसायच्या दांड्या आम्ही मुंगसाच्या भीतीनं चांगल्या उंच बांधल्या होत्या. सत्तरीतले मामा धोतर सावरत त्यातल्या एका दांडीवर चढून बसले. आम्ही तोंडाला पदर लावून हसत होतो.

"हसू नका गं. चढताना कुनाचंच मोडत न्हाई, उतरताना मोडतंय," म्हणाले आणि मारली की उडी! घोटा मुरगळला. पुढचे आठ दिवस स्वतःचा पाय स्वतःच बांधून बाजेवरून हुकूम सुटत होते. दांड्या गुडघ्याइतक्या खाली आणा, उतरायला तिरपी फळी लावा, मुंगसाला जाळी ठोका, शिंपल्यांचा चुरा चारा. "अंड्याचं टरफल काय आभाळातून येतंय? तिच्या हाडातनंच जातंय की!" आम्ही निमूटपणे सगळं केलं. नवं मोडणं थांबत गेलं, अंडी वाढली, गाडी येत राहिली आणि माझा जीव भांड्यात पडला. त्या माणसाचे उपकार मी आजही मानते.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर निघाला, त्यात आमचा कोयता नव्हता. थंडीत एके दिवशी मामा लंगडत आले आणि आमच्याच दारातल्या बोरीची ओंजळभर बोरं माझ्या पदरात टाकली. अकरा वर्षं त्या घरात नांदूनही मला त्यांची चव माहीत नव्हती, कारण ती पिकायची तेव्हा आम्ही उसाच्या फडात असायचो.

"लई गोड हायेत, मामा."

"हायेतच की," ते म्हणाले. "पन इतकी वर्सं सांगायला गल्लीत कुनी न्हवतं."