लेक गोव्यात, पान्हा कणकवलीत

आधीच सांगते – मी फार्मासिस्ट आहे, आणि देवदेवस्की, बाहेरचं वगैरे प्रकारांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे की नाही, सांगता येत नाही. घडलं ते तेवढंच लिहिते...

आम्ही देवगडचे. माझं बाळंतपण कणकवलीतल्या एका लहान हॉस्पिटलात झालं – दिवस भरण्याआधीच, सिझेरियन. मुलगी झाली, पण तिला श्वास नीट घेता येईना. मला दाखवली न दाखवली तोच माझे मिस्टर तिला ॲम्ब्युलन्सने गोव्याला घेऊन गेले. माझं बीपी उतरत नव्हतं, म्हणून मी इथेच. इन्सुलीचा नाका ओलांडून गोव्यात शिरल्याचा त्यांचा फोन आला. त्यानंतर फोन वाजला की मी तो सोबतीला राहिलेल्या सासूबाईंच्या हातात द्यायची.

आणि मला दूधच येईना.

वॉर्डातल्या परब सिस्टर सारख्या वाटी घेऊन यायच्या. बाळ जवळ नसलं तरी हाताने काढत राहायचं, नाहीतर दूध आटतं, असं त्यांनी समजावलं होतं. पाठ चोळून द्यायच्या, मोबाईलवर लेकीचा फोटो समोर धरायच्या. वाटी कोरडीच. शेजारच्या खाटेवरचं बाळ चुटुचुटु प्यायला लागलं की मी भिंतीकडे तोंड फिरवायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी मिस्टरांचा फोन आला. डॉक्टर म्हणतात, आता काही सांगता येत नाही... मी सिस्टरना म्हटलं, "न्या ती वाटी. कोणासाठी काढू?"

"तिच्यासाठीच," त्या म्हणाल्या. "हात थांबवू नको गो."

तेवढ्यात डाव्या बाजूला ओढ बसली. इवल्याशा तोंडाची, कमजोर, थांबत थांबत. मी तोवर एकदाही बाळाला पाजलं नव्हतं – ही ओढ कशी असते ते मला कुठून ठाऊक असणार? कुशीत ऊब, वजन... आणि दूध वाहू लागलं. गाऊन भिजला. सिस्टरनी घाईने वाटी धरली. सासूबाई रडायला लागल्या.

थोड्याच वेळात पुन्हा फोन. मी उचलेना, सासूबाईंनी उचलला आणि माझ्या कानाला लावला.

"इकडची सिस्टर माझ्यार रागावली," मिस्टर सांगत होते. "आपल्या चेडवाक दूध कोणी पाजल्यान, म्हणता. तिच्या ओठाक दूध लागलेला आसा. माका तर अजून आतच सोडूक नाय."

लेकीला तोंडाने काहीच द्यायचं नव्हतं, फक्त सलाईन. त्या खोलीत दुसऱ्या कुणाचं दूधही नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी लाळ असेल म्हणून विषय संपवला. पण त्या संध्याकाळपासून तिचा श्वास सुधारत गेला.

आता ती अंगणवाडीत जाते. पान्हा फुटण्याचं शास्त्र मला कळतं, ओठांवरच्या दुधाचं कळत नाही. मागे परब सिस्टर भेटल्या तेव्हा विचारलं, तुम्हाला त्या दुपारी काय दिसलं? म्हणाल्या, दिसलं काहीच नाही. पण तू रिकाम्या कुशीकडे बघून "पी गो बाय, सावकाश पी" म्हणत होतीस.

मला हे अजिबात आठवत नाही.